छायाचित्राखालचे नाव

(मुकुटबन येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी कोणाच्याही घरात पाऊल टाकले की समोरच्या भिंतीवर भगवान बुद्धाची प्रतिमा आणि बाबासाहेबांचे छायाचित्र दिसते. अनेक घरांत जोतीराव फुले, सावित्रीबाई आणि माता रमाई यांचीही चित्रे असतात. धम्म स्वीकारलेल्या कुटुंबाने देव्हारा उतरवून त्या जागी माणसांची चित्रे लावावी, ही घटना साधी समजू नका. नवसाला पावण्यासाठी ही चित्रे तेथे लाविलेली नाहीत. या माणसांनी आपल्यासाठी काय केले याचे रोज स्मरण व्हावे, एवढाच त्यांचा हेतू आहे. पण स्मरण करावयाचे तर ते डोळसपणे केले पाहिजे. म्हणून स्त्रियांच्या हक्कांसाठी ज्या स्त्रिया झगडल्या त्यांची जुनी चित्रे, आणि त्या चित्रांखाली लिहिलेली किंवा न लिहिलेली नावे, हा विषय मी आज आपल्यापुढे मांडीत आहे. विषय लहान वाटेल. तो मताच्या अधिकारापर्यंत कसा जाऊन पोहोचतो, ते आपण लक्ष देऊन ऐकावे.

प्रथम आपल्याच मुलुखातील एक छायाचित्र घेऊ. १९४२ साली आपला हा वणीकडील भाग मध्यप्रांत-वऱ्हाडात मोडत होता आणि नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. त्या वर्षी १८ ते २० जुलै या दिवसांत नागपुरास अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. तिच्यातच २० जुलै रोजी स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे आणि स्वागताध्यक्षा होत्या कीर्तिबाई पाटील. जमलेल्या स्त्रियांची संख्या वीस-पंचवीस हजारांच्या घरात सांगितली जाते. त्या स्त्रियांनी कोणते ठराव केले? पत्नीला घटस्फोटाचा हक्क असावा. बहुपत्नीकत्वाला कायद्याने बंदी व्हावी. गिरणीत राबणाऱ्या बायांना रजा, दुखापतीची भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे. कायदेमंडळात व स्थानिक संस्थांत स्त्रियांना जागा असाव्यात. स्वातंत्र्याला अजून पाच वर्षांचा अवकाश होता, आणि मजुरी करणाऱ्या, बहुतांशी निरक्षर स्त्रिया विवाहाच्या कायद्याविषयी ठराव संमत करीत होत्या!

या परिषदेचे म्हणून एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. आपण ते पुस्तकांत व दिनदर्शिकांवर पाहिले असेल. बाबासाहेब आहेत आणि त्यांच्या सभोवार परिषदेस आलेल्या स्त्रिया आहेत. त्याखालचा मजकूर मात्र बहुधा एवढाच असतो: "डॉ. आंबेडकर, महिला प्रतिनिधींसह." त्या महिला कोण, कोणत्या गावच्या, कोणी काय काम केले, याविषयी एक अक्षर नाही. तारीखदेखील अनेक ठिकाणी ८ जुलै अशी छापलेली आढळते; परिषद तर १८ जुलैला सुरू झाली. एका पुरुषाचे नाव लिहिले गेले आणि बाकी सर्वांचा मिळून एक शब्द झाला. बाबासाहेबांचे नाव तेथे असलेच पाहिजे, यात वाद नाही. परंतु समाजाची प्रगती त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजावी असे ज्यांनी त्याच परिषदेत सांगितले, त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या स्त्रिया बिननावाच्या राहाव्या, हे त्यांना खचित रुचले नसते.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मातंग मुलगी, मुक्ता साळवे, हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. १८५५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तो 'ज्ञानोदय' नियतकालिकात छापून आला. ज्या धर्माचे ग्रंथ आम्हांला पाहावयासही मनाई आहे, तो धर्म आमचा कसा, हा प्रश्न तिने बाबासाहेबांच्या जन्मापूर्वी छत्तीस वर्षे विचारला. मुक्ताचे अस्सल छायाचित्र नाही. तिची म्हणून जी चित्रे आज दिसतात ती चित्रकारांच्या कल्पनेतील आहेत. तरीही मुक्ता आपल्याला ठाऊक आहे, कारण निबंधाबरोबर तिचे नाव छापले गेले. नागपूरच्या त्या भगिनींचे चेहरे उरले आणि नावे गेली. मुक्ताचा चेहरा गेला आणि नाव उरले. नाव उरले म्हणून तिचे विचारही उरले.

सावित्रीबाईंचे तसेच आहे. आपल्या भिंतींवरील त्यांची चित्रे निरनिराळ्या चित्रकारांनी निरनिराळ्या काळी काढिलेली आहेत, त्यामुळे चेहरा दर चित्रात थोडा बदलतो. पण १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहावर त्यांचे स्वतःचे नाव आहे, आणि ते कोणी चित्रकार बदलू शकत नाही. आपल्या वऱ्हाडातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिले. लोक ते जवळजवळ विसरून गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा ताराबाई जगाला नव्याने भेटल्या. पुस्तकावर नाव नसते तर ते कोणाचे, हे त्र्याण्णव वर्षांनंतर कोण सांगणार होते?

येथे कोणी विचारील की, मतासाठी चळवळ केलेल्या कित्येक स्त्रियांची छायाचित्रे नावासह मिळतात, ती कशी? याचे उत्तर स्पष्ट आहे. जिच्याकडे पैसा, कुळ आणि वर्तमानपत्र होते, तिचे नाव टिकले. पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांची कन्या सोफिया १९१३ साली लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याबाहेर उभी राहून स्त्रीमताधिकाराचे वृत्तपत्र विकीत होती. तिचे ते छायाचित्र जगभर माहीत आहे. तिचे धैर्य खरे होते. पण ती राजकन्या नसती तर नाव टिकले असते काय? छायाचित्रावरील मजकूर दिशाभूलही करतो. १७ जून १९११ रोजी लंडनमध्ये मताधिकारासाठी स्त्रियांची प्रचंड मिरवणूक निघाली. तीत साड्या नेसलेल्या काही भारतीय स्त्रिया होत्या. साम्राज्यातील निरनिराळ्या देशांचे दर्शन घडावे म्हणून हा गट योजिला होता. आज तेच छायाचित्र भारतीय स्त्रियांनी आपल्या मतासाठी केलेल्या चळवळीचे म्हणून दाखविले जाते.

भारतीय स्त्रियांच्या मताची मागणी सरकारपुढे ठामपणे गेली ती १८ डिसेंबर १९१७ रोजी, सरोजिनी नायडूंच्या पुढाकाराने मद्रासेत मॉन्टेग्यू साहेबांना भेटलेल्या शिष्टमंडळाकडून. पुढे साऊथबरो समितीने स्त्रियांना मत देऊ नये असा अभिप्राय दिला, तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन १९१९ साली विलायतेस गेल्या आणि त्यांनी तेथे आपली बाजू मांडली. १९२१ साली मद्रास व मुंबई प्रांतांत स्त्रियांना मत मिळाले. पण कोणत्या स्त्रियांना? जिच्या नावे ठराविक मालमत्ता असेल किंवा जी ठराविक कर भरीत असेल, तिलाच. दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणाऱ्या आमच्या आज्या-पणज्यांच्या नावे काय होते? अंगावरचे लुगडेदेखील कर्जाचे होते.

याच साऊथबरो समितीपुढे जानेवारी १९१९ मध्ये तरुण आंबेडकरांनी साक्ष दिली होती. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, आणि १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्री-पुरुषास मत द्यावे असे मांडले. मालमत्तेची अट नको, शिक्षणाची अट नको. अडाणी माणसाला मत कशाला, या प्रश्नावर त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता की, ज्याला समाजाने शाळेबाहेर ठेविले त्यालाच अडाणी म्हणून मतदानाबाहेर ठेवणे हा दुहेरी अन्याय आहे. ही मागणी २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमात पूर्ण झाली. ती घटना करणाऱ्या समितीत पंधरा स्त्रिया होत्या आणि त्यांत अनुसूचित जातीची एकच, केरळच्या दाक्षायणी वेलायुधन. त्यांचे नाव आपल्या मुलींना पाठ असले पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घटनेने मत दिले. पण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होऊ लागल्या, तेव्हा एक विलक्षण अडचण उभी राहिली. नोंद करणारा दारी आला आणि नाव विचारू लागला, तर अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच त्या सांगत. परक्या पुरुषास नाव सांगू नये, अशीच त्यांना शिकवण होती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत, कारण मतदार ही स्वतंत्र व्यक्ती आहे. नावे दुरुस्त करून घेण्यास काही ठिकाणी मुदत वाढवून दिली. तरीही सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. त्यांतील बहुसंख्य उत्तर भारतातील होत्या. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीत, घटनेने हाती दिलेला हक्क असूनही, त्या मत देऊ शकल्या नाहीत.

विचार करा. त्यांच्यापाशी चेहरा होता, वय होते, घर होते. नाव सांगितले गेले नाही, एवढ्यासाठी हक्क गेला. म्हणून मी म्हणतो की, छायाचित्राखालचे नाव आणि मतदारयादीतील नाव या दोन गोष्टी नाहीत. जी स्त्री आपल्या घरच्या चित्रात "काकू" किंवा "अमक्याची आई" एवढीच राहते, ती सार्वजनिक कागदावरही तशीच राहण्याचा धोका असतो. आज मुकुटबनसारख्या गावात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण फलकावर सरपंच म्हणून नाव तिचे आणि कारभार पतीचा, असे कोठे कोठे दिसत नाही काय?

नाव राखणे ही आपल्या धम्माला नवी गोष्ट नाही. थेरीगाथेत सत्तरांहून अधिक थेरींचे उद्गार संग्रहित आहेत, आणि बहुतेक प्रत्येक उद्गाराबरोबर ते काढणाऱ्या स्त्रीचे नाव आहे. महाप्रजापती गोतमी राजकुळातील. पुण्णिका पाणी भरणारी दासी. संघाने दोघींची नावे एकाच संग्रहात ठेविली. त्यांपैकी एकीचेही चित्र कोणी काढून ठेविले नाही, तरी दोन हजार वर्षांनंतर आपण त्यांना नावाने ओळखतो.

तेव्हा आपण काय करावे? पहिली गोष्ट घरची आहे. आपल्या पेटीत, कपाटात जुनी छायाचित्रे असतील. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरास किंवा १६ ऑक्टोबरला चांद्यास दीक्षेसाठी गेलेल्या आजीचे पांढऱ्या लुगड्यातील चित्र असेल. महिला मंडळाचे, जयंतीच्या मिरवणुकीचे, शाळेचे असेल. ते घेऊन घरातील सर्वांत वृद्ध बाईंजवळ बसा. डावीकडून उजवीकडे एकेकीचे नाव विचारा. सासरचे, माहेरचे, गावाचे नाव आणि तिने केलेले काम विचारा. चित्राच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने कडेला लिहा. शाईच्या लेखणीने लिहू नका, ती पलीकडे उमटते. कागद गुळगुळीत असेल तर वेगळ्या कागदावर लिहून चित्राबरोबर ठेवा. ओल आणि ऊन यांपासून ते जपा. हे काम उद्यावर टाकू नका, कारण नावे सांगणारी माणसे फार काळ राहत नाहीत. उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील वृद्ध स्त्रियांना गावोगाव भेटून त्यांच्या आठवणी टिपल्या, म्हणूनच १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक होऊ शकले, आणि १९४२ च्या परिषदेतील अनेक नावे आपल्याला परत मिळाली.

दुसरी गोष्ट यादीची आहे. १९८९ पासून मताचे वय अठरा आहे. घरातील मुलगी अठरा वर्षांची झाली की नमुना ६ भरून तिचे नाव नोंदवा. सून घरी आली की तिचे नाव माहेरच्या यादीतच राहते आणि सासरच्या यादीत येत नाही, असे पुष्कळदा घडते. त्यासाठी नमुना ८ आहे. नावातील चूकही त्याच नमुन्याने दुरुस्त होते. हे काम पुरुषांनी सुनेवर ढकलू नये आणि सुनेने पुरुषांवर सोपवू नये. तिने स्वतः आपल्या भागाच्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे जाऊन आपले पूर्ण नाव आपल्या तोंडाने सांगावे.

१९९३ पासून आपल्या देशात मतदाराला छायाचित्र असलेले ओळखपत्र दिले जाते. भगिनींनो, ते घरी जाऊन काढून पाहा. त्यावर तुमचा चेहरा आहे आणि तुमचे नाव आहे. राजकन्या नसताना, मालमत्ता नसताना, शिक्षणाची अट नसताना ही दोन्ही एका कागदावर आणावयास केवढा काळ आणि केवढे कष्ट लागले, ते आताच आपण ऐकले. त्यावरील एक अक्षर चुकले असेल तर ते दुरुस्त करून घ्या, आणि मतदानाच्या दिवशी ते पत्र स्वतःच्या हाती घेऊन, स्वतःच्या विचाराने मत द्या.

 जयभीम. भवतु सब्ब मंगलं.