हातांनीं वाचावयाची गोष्ट



ज्युबिलीच्या ह्या आनंदाच्या दिवशीं, ज्या मुलांपर्यंत आपलीं भाषणें व गीतें पोहोंचत नाहींत त्यांच्याविषयीं मी बोलणार आहें. आंधळ्या मुलास गोष्ट ऐकवितां येते, बहिऱ्यास चित्र दाखवितां येतें. परंतु जें मूल अंधही आहे व बधिरही आहे, त्यास अक्षरओळख कशी व्हावी?

फ्रान्सांत पुआतिए शहराजवळ लार्ने येथें धर्मभगिनींची शाळा होती. १८९५ सालीं तेथें मारी ह्यूर्तें नांवाची दहा वर्षांची अंध-बधिर मुलगी आली. तिला कोणतीच भाषा येत नव्हती. घरून आणलेला एक लहानसा चाकू मात्र तिला प्राणाहून प्रिय होता. सिस्टर सेंट-मार्गरिट ह्यांनीं तो काढून घेतला, तिच्याच हातांनीं चाकूची खूण करविली, आणि तो परत दिला. असें वारंवार घडल्यावर मुलीनें आपण होऊन खूण केली. वस्तूस नांव असतें, हें तिला उमगलें. पुढें ती ब्रेल लिपीही शिकली. चाकूनेंच हें कां साधलें? कारण तो तिचा स्वतःचा होता.

आज अंध-बधिर मुलांचे शिक्षक ‘गोष्टीची पेटी’ करितात, तिचें मर्म हेंच आहे. पेटींत चार-पांच खऱ्या वस्तू गोष्टीच्या क्रमानें ठेवावयाच्या. समजा, मूल आईबरोबर बाजारास गेलें. पेटींत एक कापडी पिशवी, एक कांदा व सुईदोरा ठेवावा. मुलानें कांदा पिशवींत टाकला, तों तो खालून बाहेर पडला! बोट चांचपडत गेलें, आणि पिशवीचें भोंक सांपडलें. मग आईनें तें शिवलें. सोबतच्या पुस्तकांत प्रत्येक पानावर एकच लहान वाक्य ब्रेलमध्यें असतें: ‘पिशवीला भोंक होतें.’ भोंकांत बोट घातलेल्या मुलास तो शब्द पोकळ लागत नाहीं.

खेळण्यांतली प्लास्टिकची गाय येथें निरुपयोगी आहे. डोळस मुलास तींत गाय दिसते. परंतु ज्याची गाय म्हणजे उबदार अंग, खरखरीत जीभ व दाव्याचा पीळ, त्याच्या हातीं तो केवळ एक गुळगुळीत तुकडा लागतो. तसेंच, शिक्षकानें मुलाचा हात धरून ओढूं नये. आपला हात त्याच्या हाताखालीं ठेवावा, म्हणजे मूल स्वेच्छेनें पुढें जातें. पुष्कळ मुलांस थोडेंफार दिसतें वा ऐकूं येतें. त्याचाही उपयोग करावा.

मुंबईंत १९७७ सालीं स्थापन झालेली हेलन केलर इन्स्टिट्यूट अशा मुलांस शिक्षण देत आली आहे. परंतु शाळेपूर्वीं घर आहे, आणि घराशेजारीं आपण आहों. असें मूल माजघराच्या कोपऱ्यांत बसवून ठेवलेलें आढळल्यास केवळ हळहळूं नका. जवळ जा, आपल्या हातांतील बांगडी अथवा अंगठी त्याच्या बोटांस लावा, आणि प्रत्येक भेटींत तीच लावा. कांहीं दिवसांनीं त्या खुणेवरून तें तुम्हांस ओळखील. त्याच्या पेटींतली ती पहिली वस्तु होय.