कामात मन लागण्याविषयी



ज्या वर्गांत मी उभा राहून पाढे म्हटले त्या जुन्या हुबळीतील शाळेने गुरुजींच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानासाठी मला बोलवावे, हा माझा मोठा बहुमान आहे. मी विद्वान नव्हे. कारखान्यात उभा जन्म काढलेला माणूस आहे. म्हणून विषयही तिथलाच घेतला आहे: हाताखालच्या माणसांचे मन कामात का लागते, का उडते, आणि त्यांच्या प्रमुखाला त्यात काय करता येते.

गुरुजींची एक सवय आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. निबंधाच्या वहीत चुकीच्या वाक्यावर ते फुली मारीत नसत, समासात एक प्रश्नचिन्ह काढीत. मग जवळ बोलावून विचारीत, "हे असे का लिहिलेस?" आम्हांला त्याची भीती वाटे, कारण उत्तर द्यावे लागे. त्या प्रश्नचिन्हाचे मोल मला फार उशिरा कळले, आणि ते कळण्याची किंमत दुसऱ्या एका माणसाने दिली. ती हकीकत सांगतो.

मी तिशीत असताना एका कारखान्यात चार्जमन झालो. हाताखाली अकरा माणसे. त्यांत लेथवरचे एक ज्येष्ठ कारागीर होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणे. नव्या पोरांना हत्याराला धार कशी लावावी हे तेच शिकवीत. यंत्राचा आवाज बदलला की दुसऱ्याच्या लेथपाशीसुद्धा जाऊन उभे राहत. मी नव्या उत्साहात माणशी नगांवर बोनस सुरू करविला. हिशेब सोपा होता: जास्त नग, जास्त पैसे. पहिल्या महिन्यात आकडा वाढला आणि वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. अण्णांचा आकडा मात्र सर्वांत कमी आला. पोरांना शिकविण्यात जाणारा वेळ माझ्या तक्त्यात कुठेच बसत नव्हता, हे माझ्या ध्यानीही आले नाही. पाळी बदलताना, सर्वांसमोर, मी त्यांना म्हणालो, "अण्णा, वय झाले असेल तर तसे सांगा."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते नेमके ठरलेले नग करू लागले, एक कमी नाही, एक जास्त नाही. कोणाच्या लेथपाशी जाणे बंद झाले. पुढे दोन महिन्यांनी बुशांचा एक मोठा लॉट जोडणी विभागातून परत आला. भोके किंचित लहान राहिली होती, शाफ्ट बसेना. शोध घेता कळले की ज्या प्लग गेजने भोके तपासत होतो तो झिजला होता. मी अण्णांना विचारले, तुम्हांला हे जाणवले नव्हते का? ते शांतपणे म्हणाले, "नीवु केळलिल्ला." तुम्ही विचारले नाही.

त्यांनी मुद्दाम नुकसान होऊ दिले, असे कोणी म्हणेल. मी तसे म्हणत नाही. बोलण्याचा दरवाजा मीच बंद केला होता. आणि खरे सांगायचे तर हे आळसाचेही उदाहरण नव्हे, कारण त्यांचे नग पुरे होते. माणूस हजेरीला येतो, आकडा भरतो, आणि आपले शहाणपण घरी ठेवून येतो. हे कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत 1953 साली असाच प्रश्न उभा होता. स्वयंचलित माग आणले, तरी उत्पादन व कापडाचा दर्जा अपेक्षेप्रमाणे येईना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी पाहिले तेव्हा प्रत्येक कामगाराला कामाचा एक तुकडा वाटून दिलेला होता. एका मागाचे सगळे पाहणारे असे कोणी नव्हते. ठरावीक मागांची संपूर्ण जबाबदारी एका लहान गटाकडे द्यावी, अशी सूचना पुढे येताच कामगारांनी आपले गट आपणच जमविले. पुढे उत्पादन वाढले, खराब कापड घटले. राइस यांचे त्यावरील पुस्तक 1958 साली आले. माणशी नग मोजणाऱ्या माझ्यासारख्याने ते आधी वाचावयास हवे होते.

आपल्या भागात मात्र याहून जुना धडा आहे. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला देण्यात आली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. पगार बंद झाला नव्हता, न्याय बंद झाला होता. पुढे 1910 साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोडजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तिथे कल्पक इंजिनियर झाले. दरोड्याची शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वाडीचे राखणदार नेमले, आणि ती माणसे विश्वासास पात्र ठरली.

हे ज्या काळात घडले त्या काळाची आठवण हुबळीकरांना वेगळी करून द्यावयास नको. आपल्याकडे 'सेटलमेंट' हे नाव आजही आहे. 1871 च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्यांना अशा वसाहतींत हजेरीच्या धाकाखाली ठेवून कामाला लावीत. तो कायदा 1952 साली गेला. त्याच मुंबई इलाख्यात एकीकडे पहारा होता आणि शेजारच्या संस्थानी मुलुखात ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्याच हाती किल्ल्या होत्या.

तथापि विश्वास व अभिमान यांनी पोट भरत नाही, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या बेंगेरीत 1957 साली स्थापन झालेल्या खादी संघात राष्ट्रध्वज शिवले जातात. बहुतेक कामगार स्त्रिया आहेत. ध्वजाच्या मापात, रंगात, चक्रात चूक चालत नाही. देशात याहून मानाचे शिवणकाम कोणते? पण 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने यंत्रावर केलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली, मागणी घटली, आणि तुकड्यावर मजुरी घेणाऱ्या हातांना काम कमी पडू लागले. त्या भगिनींना कोणी 'प्रेरणा' या विषयावर व्याख्यान देऊ लागला तर मी त्याला आधी त्यांची मजुरी विचारीन.

माझ्या हकीकतीचा शेवट राहिला. अण्णा इथे जवळच, जुन्या हुबळीत राहत. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला, विषय मात्र काढू दिला नाही. सोमवारी पाळी बदलताना, जिथे बोललो होतो तिथेच, सर्वांसमोर मी त्यांची क्षमा मागितली. बोनस माणशी न ठेवता सबंध गटावर, आणि परत आलेले नग वजा करून धरण्याची परवानगी वरिष्ठांकडून मिळविली. त्याला चार महिने लागले. गेज तपासण्याचे व पोरांना शिकविण्याचे काम अण्णांच्या नावे लिहून दिले. लगेच चमत्कार झाला नाही. दोघा तरुणांना गटाचा हिशेब पसंत पडला नाही. एकाने नोकरी सोडली, आणि तो चांगला कारागीर होता. अण्णाही कितीतरी आठवडे माझ्याशी कामापुरतेच बोलत.

मग एका दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "साहेब, तीन नंबरच्या लेथचा आवाज बरोबर नाही." मी उठून त्यांच्याबरोबर गेलो.