घरातल्या सगळ्यांना, एकाच रात्री



सकाळच्या सत्रात यंत्रमानवाचं मार्गशोधन आणि दुपारच्या सत्रात खरजेवरचे उपचार, हा काय मेळ, असं एकाने मला विचारलं. मेळ आहे. दोन्हीकडे प्रयोगशाळेत जे जमतं ते गल्लीत जमत नाही. का जमत नाही, हे शोधणं मी दुय्यम काम मानत नाही.

आधी यंत्रमानव. १९६८ साली हार्ट, निल्सन आणि राफाएल यांनी ‘ए-स्टार’ ही रीत मांडली. नकाशा हाती असला की ती सर्वांत कमी खर्चाची वाट काढून देते. नकाशाच नसला तर यंत्राला तो चालता चालता काढावा लागतो आणि त्याच नकाशात आपण कुठे आहोत हेही ठरवावं लागतं. एकातली चूक दुसऱ्यात उतरते आणि साचत जाते. पाण्याखाली पंचाईत आणखी मोठी, कारण उपग्रहाचे संकेत तिथे पोचत नाहीत. पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी ‘मत्स्य’ ही स्वयंचलित पाणबुडी बांधून सॅन दिएगोच्या ‘रोबोसब’ स्पर्धेत उतरवली, याचं कौतुकच आहे. पण स्पर्धेचा तलाव वेगळा, आपला समुद्र वेगळा. इथे खारदांड्याच्या गढूळ पाण्यात कॅमेरा आंधळा होतो आणि भरती-ओहोटीची ओढ यंत्राला वाटेवरून ढकलते. त्याच ओढीवर डोल जाळी लावून इथले तांडेल, म्हणजे कोळ्यांच्या होड्यांचे म्होरके, बोंबील आणि जवळा आणतात. उधाणाचं पाणी कसं धावतं आणि भांगाचं कसं मंदावतं, हे त्यांना पाठ असतं.

आता खरूज. तिचा किडा बोनोमो आणि चेस्तोनी यांनी १६८७ सालीच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदवला. औषधंही चांगली आहेत : पाच टक्के परमेथ्रिनचं मलम, नाहीतर आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या. जपानच्या मातीतल्या जिवाणूपासून निघालेल्या या दुसऱ्या औषधाने ओमुरा आणि कॅम्बेल यांना २०१५चं नोबेल मिळवून दिलं. तरीही २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेला खरूज दुर्लक्षित रोगांच्या यादीत घालावी लागली.

कारण साधं आहे. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर किडा शेजारी झोपणाऱ्याच्या अंगावर गेलेला असतो. दवाखान्यात मात्र खाजणारा एकटाच येतो, मलम एकट्यालाच मिळतं आणि महिन्याभरात खरूज परत. मग बोल औषधाला! परमेथ्रिन पूर्वीसारखं लागू पडत नाही, या तक्रारीत तथ्य आहे. पण आधी विचारा : मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्रभर, घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री लावलं होतं का? आठवड्याने पुन्हा लावलं का?

औषध किती जणांना द्यावं, हे फिजी बेटांवर तपासून पाहिलं गेलं. जिथे रुग्णांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांनाच औषध दिलं, तिथे वर्षभरात खरजेचं प्रमाण ३६.६ टक्क्यांवरून १८.८वर आलं. जिथे सगळ्या वस्तीला आयव्हरमेक्टिन दिलं, तिथे ते ३२.१वरून १.९वर आलं. गरोदर बायका आणि लहान मुलं यांना गोळ्यांऐवजी मलम द्यावं लागतं, एवढं पथ्य आहेच.

आणि खरूज म्हणजे घाणेरडेपणा, असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी हकिगत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेफील्डमध्ये केनेथ मेलनबी यांनी स्वयंसेवकांना खरजेच्या रुग्णांच्या वापरलेल्या पांघरुणांत झोपवलं. लागण फार थोड्यांना झाली. खरूज मुख्यतः पसरते ती अंगाला अंग लागून. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं झोपली तर अंगाला अंग लागणारच. साबणाचा उपदेश तिथे कामाचा नाही.

म्हणून डॉक्टरांना विनंती की चिठ्ठी रुग्णाच्या नावाने लिहा, पण औषध घरातली माणसं मोजून द्या. वसतिगृहात आणि आश्रमशाळेत तर अख्ख्या दालनासाठी द्या. यंत्रमानव बनवणाऱ्या मुलांनो, तलावातली चाचणी झाली की एकदा या खारदांड्याच्या पाण्यात या, तांडेलाला सोबत घ्या, आणि निबंध छापाल तेव्हा लेखकांच्या यादीत त्याचंही नाव घाला.