भिंतीवरील पूर्वजांची ओळख



आपापल्या घरांतील जुन्या चित्रांविषयी कोणीतरी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाची सूचना होती. मी कलेची जाणकार नव्हे. माझे आयुष्य रुग्णालयांत गेले. म्हणून चित्रकलेविषयी न बोलता एकाच चित्राविषयी बोलते. ते मावशीकडून माझ्याकडे आले आणि त्यातील माणसे कोण, याचा शोध घेण्यात माझी तीन वर्षे गेली.

चित्र दीड हात उंच आहे. खुर्चीवर पागोटे घातलेले एक गृहस्थ बसले आहेत, छातीवर एक पदक आहे. खुर्चीमागे नऊवारी नेसलेली स्त्री उभी आहे. पदर डोक्यावरून घेतलेला, हातांत बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. घरात सांगत की हे आजीचे वडील, पहिल्या महायुद्धात लढलेले. स्त्रीविषयी विचारले तर उत्तर मिळे, ‘त्यांची मंडळी’. त्यापुढे कोणी बोलत नसे.

मावशीचे घर रिकामे करण्याची वेळ आली तेव्हा माझ्या भाच्याने शंका काढली. तो येथेच जन्मला, येथेच वाढला. तो म्हणाला, ‘मावशीआजी, हिच्या कपाळावर कुंकू आहे. ही आपली कशी असेल? कोणाचे तरी चित्र मुंबईहून चुकून आले असावे.’ शंका रास्त होती. आमच्या घराण्यात कुंकू लावण्याची रीत नव्हती. या देशात घर मोडते तेव्हा अशा वस्तूंवर किमतीची चिठ्ठी लागते आणि त्या अंगणात मांडल्या जातात. ‘जुने हिंदी जोडपे’ एवढ्या नावाने ते दोघे कोणाच्या तरी उपाहारगृहाच्या भिंतीवर गेले असते. मी चित्र माझ्या घरी आणले.

कोणतेही चित्र प्रथम मागून पाहावे. आमच्या चित्रामागे तपकिरी कागद आणि चौकट करणाऱ्याची अर्धी फाटलेली चिठ्ठी होती. तीवर ‘काळबादेवी’ एवढे वाचता आले. मात्र चौकट चित्रापेक्षा पुष्कळ नंतरची असू शकते, म्हणून या चिठ्ठीवर मी फार भार टाकला नाही.

मग भिंग घेतले. दागिने, पदर, खुर्चीचे नक्षीकाम यांवर कुंचल्याचे फटकारे दिसत होते. चेहऱ्यांवर मात्र एकही नव्हता. जुनी चित्रे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितले की हे मुळात छायाचित्र आहे, त्यावर रंग चढविलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या छायाचित्रशाळांत हे काम सर्रास चाले. फिकट प्रत मोठी करून काढायची आणि रंगाऱ्याच्या हवाली करायची. मग गिऱ्हाइकाला तैलचित्राचा थाट स्वस्तात मिळे. रंगाऱ्याने माणूस पाहिलेलाच नसे. साडी कोणत्या रंगाची, हे त्याला कोणी सांगितले तर सांगितले, नाही तर तो स्वतः ठरवी.

कुंकवाचा उलगडा येथेच झाला. ते रंगाचे एक बोट आहे, कपाळाच्या रंगावर नंतर टेकविलेले. खालच्या छायाचित्रात त्या जागी काहीच नाही. नऊवारी आणि मंगळसूत्र पाहून रंगाऱ्याच्या हाताने सवयीने ते टिंब दिले असावे. आपल्या स्त्रियांचा पोशाख शेजारणींसारखाच होता, यात नवल ते काय? पुण्यात 1874 साली शिळाछापावर निघालेली मराठी हगादा ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, तीत साड्या नेसलेल्या बायका मत्सा तयार करताना दाखविल्या आहेत. पोशाखावरून आपण ओळखू येत नसू, आणि म्हणूनच कपाळाचा प्रश्न महत्त्वाचा होता.

त्या काळच्या छायाचित्रांतील सगळ्याच गोष्टी जशा दिसतात तशा घेऊ नयेत. विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांची दोन पुस्तके 1863 आणि 1866 साली प्रसिद्ध केली. त्यांत माणसांची चित्रे कापून निराळ्याच देखाव्यांवर चिकटविलेली आहेत. माणूस खरा, पण मागचे देऊळ किंवा डोंगर त्याचा नव्हे.

आता पदक. पहिल्या महायुद्धातील शिपायाला सहसा एकाहून अधिक पदके मिळत आणि विजयपदकाची फीत इंद्रधनुष्यासारखी अनेक रंगांची असे. आमच्या गृहस्थांच्या छातीवर पदक एकच. फीत हिरवी, दोन्ही कडांना किरमिजी पट्टे. अशी फीत 1878 ते 1880 च्या अफगाण युद्धाच्या पदकाला होती. त्या पदकाच्या एका बाजूला व्हिक्टोरिया राणी आणि दुसऱ्या बाजूला कूच करणारी फौज व पाठीवर तोफ वाहणारा हत्ती असे. तुम्ही म्हणाल, कुंकू काढणाऱ्या रंगाऱ्यावर फितीच्या बाबतीत तरी विश्वास का ठेवावा? म्हणून नुसत्या रंगावर मी थांबले नाही. पट्टे कडांना आहेत हे खालच्या छायाचित्रातही दिसते. आणि त्या युद्धाच्या वेळी आजीचे वडील दहा-बारा वर्षांचे होते. तेव्हा हे गृहस्थ एक पिढी मागचे, माझे खापरपणजोबा.

अशा पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव आणि पलटण कोरलेली असते. पण पदके चांदीची. अडीअडचणीत ती सोनाराकडे जात. आमचेही गेले असावे. मग उरतात कागद. लंडनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये मोहिमांच्या पदकांच्या याद्या आहेत. त्या चाळताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपण आज गावावरून पडलेले आडनाव घेऊन शोधू लागलो, तर हाती काही लागत नाही. पलटणीच्या कागदांत ते गळते आणि अनेकदा ‘इस्राएल’ एवढेच राहते. नावेही वेगळी: शमुवेल तो समाजी, एलिया तो एलोजी, अब्राहाम तो आबाजी, यहेज्केल तो हसाजी. मुंबईचे ‘शाआर हारहमीम’ 1796 साली बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हे फौजेत समाजी हसाजी होते. हाईम शमुवेल केहीमकर यांनी 1897 साली लिहिलेला आणि 1937 साली तेल अवीवला छापलेला आपल्या समाजाचा इतिहास जवळ ठेवावा. आपल्या अंमलदारांविषयी त्यात बरीच माहिती आहे. पुढे पलटणी जातवार रचण्याचे धोरण आले, आपली संख्या स्वतंत्र तुकडीला पुरेशी नव्हती आणि आपले तरुण फौज सोडून कचेऱ्यांकडे, रेल्वेकडे वळले. म्हणून नातवंडांना आजोबांची पलटण ठाऊक नाही.

पण एवढ्या सगळ्या कागदांत स्त्रीला जागा नाही. सरकारला तिच्याशी कर्तव्य नव्हते. ती सापडली आपल्याच कागदांत. मावशीच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात एक घडी केलेला कागद होता. हश्काबाच्या वेळी वाचावयाची नावे माझ्या आजोबांनी त्यावर शाईने लिहून ठेवली होती: पुरुषाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि त्याखाली त्याच्या पत्नीचे नाव, तिच्या बापाच्या नावासह. चौथ्या ओळीत ती दोघे आहेत. वर्षानुवर्षे त्यांच्यासाठी प्रार्थना होत होती आणि भिंतीवरचे चेहरे त्यांचेच आहेत, हे वाचणाऱ्याला माहीत नव्हते.

न्यू जर्सीत आपल्याच समाजातील चित्रकर्त्री सियोना बेंजामिन राहतात. त्यांनी फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात जाऊन आपल्या लोकांची छायाचित्रे घेतली, त्यांच्या कथा ऐकल्या आणि त्या छायाचित्रांवर रंग चढवून चित्रे केली. ती पाहताना मला काळबादेवीच्या त्या अनामिक रंगाऱ्याची आठवण झाली. युक्ती तीच, फरक एवढाच की येथे रंगविणारीला समोरचे माणूस कोण हे ठाऊक आहे.

कुंकू पुसून घ्यावे का, असे त्या दुरुस्ती करणाऱ्या बाईंनी मला विचारले. मी नको म्हटले. रंगाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे तिचा मानच केला होता. चित्रामागे मात्र मी मऊ शिसपेन्सिलीने, आम्लरहित कागदावर, मराठीत आणि इंग्रजीत सर्व लिहून लावले आहे: कोण, कशावरून ठरविले, आणि कुंकू कोणाचे. रुग्णालयात नवजात बाळाच्या मनगटाला पट्टी बांधल्यावाचून आम्ही त्याला आईच्या खोलीबाहेर नेत नसू.

यादीत खापरपणजोबांच्या नावाचे दोन शिपाई आहेत, दोन निरनिराळ्या पलटणींतील. ते कोडे आता माझ्या भाच्याने अंगावर घेतले आहे. खापरपणजीचे नाव मी व्यासपीठावरून उच्चारत नाही. ते मी हज्जानसाहेबांकडे दिले आहे. येत्या योम किप्पूरला हश्काबात ते आपण सर्व ऐकालच.