बिनपगारी कामाची सक्ती

रोजगार हमीवर मजुरी कमी, तीही उशिरा, म्हणून आपण भांडत आलो. पण सरकारने लावलेल्या कामाला मजुरीच नाही, असं कुठे असतं का? ब्रिटनमध्ये झालं.

केट रायली ही बर्मिंगहॅमची भूगर्भशास्त्राची पदवीधर 2011 मध्ये बेकारभत्त्यावर होती. संग्रहालयात नोकरी मिळावी म्हणून एका संग्रहालयात आपखुशीने काम करत होती. भत्ता कार्यालयाने तिला ते सोडून पाउंडलँडच्या दुकानात पाठवलं. माल मांडायचा, फरशी पुसायची. नाही म्हटलं तर भत्ता जाईल, असं तिला सांगितलं गेलं. पगार शून्य.

ती कोर्टात गेली. फेब्रुवारी 2013 मध्ये अपील कोर्टाने त्या योजनांचे नियम बेकायदा ठरवले. वेठबिगारीचा मुद्दा मात्र मानला नाही. लगेच मार्चमध्ये सरकारने पूर्वलक्षी कायदा केला, म्हणजे कापलेले भत्ते परत द्यायला नकोत! (सरकारं याबाबतीत सगळीकडे सारखीच चपळ.)

मला खटकतं ते वेगळंच. संग्रहालयातलं काम बिनपगारी, दुकानातलंही बिनपगारी. पण कार्यालयाने ‘काम’ म्हणून धरलं ते दुकानातलं, जिथे मालकाचा नफा होता. घरात दिवसभर राबणारी बाई ‘काही करत नाही’, हे आपण ऐकतोच ना?

आपला 1977 चा रोजगार हमी कायदा उलटा आहे. मागितल्यावर 15 दिवसांत सरकारने काम द्यायचं, मजुरी देऊन. नाही दिलं तर भत्ता. तो भत्ता हातात पडलेल्या बाया विरळाच, हे तुम्ही मला सांगालच. पण मागायला कायद्याचं कलम तरी आहे.