भेकराचीं सहा गुणसूत्रें

नागझिऱ्याच्या अरण्यांत येणारा पाहुणा प्रथम वाघाची चौकशी करतो, मग बिबट्याची. आणि दोन्ही हुकले म्हणजे निदान गवा तरी दिसावा अशी इच्छा धरतो. भेकराची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. हें अरण्य पूर्वीं भंडारा जिल्ह्यांत होतें. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा निराळा झाला तेव्हां तें त्या जिल्ह्यांत गेलें. १९७० पासून तें अभयारण्य असून २०१३ सालीं नवेगांव-नागझिरा व्याघ्रप्रकल्पांत त्याचा समावेश झाला. तेथील बांबूंच्या आणि ऐन-धावड्याच्या सावलींत हें लहानसें तांबूस हरिण बहुधा एकटेंच हिंडतें. वाघाची चाहूल लागतांच तें कुत्र्यासारखें भुंकतें. आणि त्या भुंकण्याकडे लोक कान देतात तेही वाघ कोणीकडे आहे हें समजावें म्हणून! नराला आंखूड शिंगें असतात आणि वरच्या ओठाखालून सुळे डोकावतात. एवढें सांगितलें कीं बहुतेक पुस्तकांत भेकराचें वर्णन संपतें. परंतु प्राणिशास्त्राच्या दृष्टीनें या रानांतील सर्वांत नवलाचें जनावर कोणतें असें विचारल्यास वनराजाला क्षणभर बाजूस सारून भेकराकडेच बोट दाखवावें लागेल.

नवल आहे तें त्याच्या पेशींत. प्रत्येक पेशीच्या केंद्रकांत आनुवंशिक द्रव्याचे लांबच लांब धागे असतात. पेशी दुभंगावयाच्या वेळीं ते आंखडून जाड होतात आणि सूक्ष्मदर्शकाखालीं एकेक करून मोजतां येतात. हींच गुणसूत्रें. निम्मीं मातेकडून व निम्मीं पित्याकडून येतात, म्हणून त्यांच्या जोड्या असतात. मनुष्याच्या पेशींत तीं ४६, गाईच्या पेशींत ६०, आणि चितळाच्या पेशींत ६६ भरतात. १९७० सालीं डोरिस वर्स्टर व कर्ट बेनिर्श्के या संशोधकांनीं भारतीय भेकराची मोजणी प्रसिद्ध केली. तपासलेलें जनावर नागझिऱ्याचें नव्हे, त्याच्या जातभाईंपैकीं होतें. मादीच्या पेशींत अवघीं ६ गुणसूत्रें निघालीं, आणि नराच्या पेशींत ७! सस्तन प्राण्यांत याहून लहान आंकडा आजवर सांपडलेला नाहीं. नराचें एक जास्त कां, त्याचेंही कारण मौजेचें आहे. लिंग ठरविणारें एक गुणसूत्र दुसऱ्या एका साध्या गुणसूत्राला कायमचें चिकटलें आहे; मादींत अशी जोडगोळी दोन वेळां येते, नरांत एकदांच, म्हणून नराकडे तें साधें गुणसूत्र एक सुटें राहतें.

याहून विलक्षण गोष्ट अशी कीं, चीन देशांत भेकराचा एक सख्खा भाऊबंद आहे. रूपानें व चालीनें तो बराच याच्यासारखा आहे. दोघांची फारकत सुमारें पन्नास लाख वर्षांपूर्वींची, म्हणजे सृष्टीच्या हिशेबानें कालपरवांची. तरी त्याचीं गुणसूत्रें ४६. मग भारतीय भेकराचीं बाकीचीं चाळीस गेलीं कोठें?

तीं कोठेंही गेलीं नाहींत. सुट्या पानांच्या पोथ्या एकत्र शिवून कोणी तीन जाड ग्रंथ बांधावे, तसा हा प्रकार आहे. पानें तींच, अक्षरें तींच, बांधणी मात्र निराळी. २०२० सालीं या दोन्ही भेकरांची संपूर्ण आनुवंशिक संहिता प्रसिद्ध झाली, तेव्हां ओळींचा अनुक्रम फार मोठ्या प्रमाणावर एकमेकांशीं आणि गाईशींही जुळलेला दिसला. शिवणीच्या खुणाही राहिल्या आहेत. प्रत्येक गुणसूत्राच्या टोंकाला एक विशिष्ट अक्षरमाला पुनःपुन्हा येते. ती टोंकाचें रक्षण करते. भेकराच्या लांबलचक गुणसूत्रांत अशी टोंकाची अक्षरमाला मध्येंच कित्येक ठिकाणीं सांपडते. जुन्या पोथीचें मलपृष्ठ नव्या ग्रंथाच्या पोटांत राहून गेलें, असेंच म्हणावयाचें.

नागझिऱ्याच्या गव्याचीही गोष्ट थोडी याच जातीची आहे. त्याचीं गुणसूत्रें ५८. गाईंत सुटीं असलेलीं दोन गुणसूत्रें त्याच्यांत एक झालीं आहेत. मनुष्यही यांतून सुटलेला नाहीं. चिंपांझीचीं ४८ आणि मनुष्याचीं ४६, कारण वानरांत वेगळीं असलेलीं दोन गुणसूत्रें मनुष्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रांत टोंकाला टोंक लागून जुळलीं आहेत. तो सांधा १९९१ सालीं नेमका ओळखला गेला.

आतां वादाचा मुद्दा येतो. गुणसूत्र तुटतें वा जुळतें तें कोठेंही, कीं ठराविक जागींच? सुसुमू ओनो यांनीं १९७३ सालीं, आणि नादो व टेलर यांनीं १९८४ सालीं गणित मांडून, असें प्रतिपादिलें कीं हीं मोडतोड यदृच्छेनें, कोठेंही होते. वीस वर्षें हेंच मत मान्य होतें. २००३ सालीं पेव्झनर व टेस्लर यांनीं मनुष्य आणि उंदीर यांच्या संहिता ताडून पाहिल्या. दोहोंत अनुक्रम न बदललेले मोठे तुकडे २८१ निघाले. परंतु ते त्या क्रमानें लागावयास जितक्या उलथापालथी व्हाव्या लागतात, त्यांचा हिशेब केल्यास कित्येक जागा एकाहून अधिक वेळां तुटल्या असें मानावें लागतें. पेटींत वर्षानुवर्षें एकाच घडीनें ठेवलेलें लुगडें घडीवरच विरतें, तसेंच हें. डेव्हिड सँकॉफ यांनीं हरकत घेतली कीं, बारीक तुकडे हिशेबांतून गाळल्यामुळें हा भास होतो. हरकत वजनदार होती. तथापि २००५ सालीं आठ सस्तन प्राण्यांची तुलना झाली, तींत सुमारें एक पंचमांश जागा वेगवेगळ्या वंशांत पुनःपुन्हा तुटलेल्या आढळल्या. येथून पुढें यदृच्छेचा पक्ष लंगडा झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं.

त्या जागा दुबळ्या कां, याचें एक उत्तर असें कीं तेथें सारख्या अक्षरांचे तुकडे वारंवार येतात. तुटलेलें सांधतांना पेशी फसते आणि भलत्याच जुळ्या तुकड्याशीं गांठ मारते. दुसरें उत्तर असें कीं, महत्त्वाच्या ओळीवर तुटलें तर तो जीव जगत नाहीं, म्हणून निरुपद्रवी जागचेंच तुटलेलें आपल्याला पाहावयास मिळतें. दोन्ही कारणें एकाच वेळीं खरीं असूं शकतात, आणि तीं तशीं असावींत हेंच सयुक्तिक दिसतें. भेकराची साक्ष येथें मोलाची आहे: हरिणकुळांत पूर्वीं एक गुणसूत्र दुभंगून त्याचीं दोन झालीं होतीं, आणि भारतीय भेकरांत त्याच दोहोंची पुन्हा गांठ पडलेली सांपडली.

अशा गांठी फुकट मिळत नाहींत. चीनमध्यें १९८० च्या सुमारास दोन्ही भेकरांचा संकर झाला. पिलें जन्मलीं, वाढलीं. परंतु एका बाजूचीं २३ आणि दुसऱ्या बाजूचीं तीन-चार गुणसूत्रें यांच्या जोड्या जुळेनात, आणि संकरित नर वंध्य निघाले. मनुष्यांतही हजारांत सुमारें एकाच्या अंगीं दोन गुणसूत्रें जुळलेलीं असतात. ती व्यक्ती सर्वथा निरोगी असते, तिला त्याचा पत्ताही नसतो. फक्त कधीं कधीं संसारांत गर्भ पुनःपुन्हा गळतो. आमच्याकडे अशा वेळीं सारा दोष सुनेच्या माथीं मारण्याची रीत आहे. ती निव्वळ अन्यायाची आहे, कारण तो सांधा नवऱ्याच्या पेशींत असण्याचा संभव तितकाच असतो, आणि रक्ताच्या साध्या तपासणीनें तो दोघांतही पाहतां येतो.

मग ही अडचण भेकराच्या पूर्वजांनीं कशी ओलांडली? तेवीस जोड्यांच्या तीन व्हावयास निदान वीस सांधे पडावे लागतात. यावर एक तर्क असा मांडतात कीं, हीं जनावरें लहान लहान टोळक्यांनीं एकमेकांपासून तुटून राहिलीं असावींत. थोडक्या जनावरांत आप्तसंबंध वारंवार होतात. तोच सांधा आईकडूनही येतो आणि बापाकडूनही. ज्या पाडसाला तो दोन्हीकडून मिळाला, त्याच्या पेशींत जोडी पुन्हा बरोबर जुळते, आणि पुढल्या पिढीला त्या सांध्याचा अडसर राहत नाहीं.