गाणं आरोपी ठरतं तेव्हा

कमी खर्चात काढलेला गुन्ह्याचा चित्रपट गाण्याभोवती फिरत असेल, तर त्यावर दोन शिक्के हमखास बसतात: 'महोत्सवी' आणि 'संथ'. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'वर दोन्ही बसले. २०१४ साली व्हेनिसमध्ये तो गौरवला गेला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. तरी 'यात घडतं काय?' ही तक्रार राहिलीच. माझ्या मते हा संथपणा दोष नव्हे, तो या चित्रपटाचा मुख्य पुरावा आहे.

वीरा साथीदार यांनी उभे केलेले शाहीर नारायण कांबळे यांच्यावर आरोप असा, की त्यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये आत्महत्या केली. कामगाराची बायको साक्ष देते: नवरा उतरण्याआधी आत खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे, असं समजायचा. संरक्षणाचं साधन म्हणजे एवढंच. मृत्यूचं कारण इथे उघड होतं, तरी तारखा पडतच राहतात. बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून न्यायाधीश एका बाईंचं प्रकरण पुढे ढकलतात. कोणी म्हणेल, हे चार ओळींच्या बातमीतही मावलं असतं. पण बातमीत 'पुढची तारीख' हे दोन शब्द असतात. इथे त्या तारखेची वाट आपल्याला बसून पाहावी लागते. सरकारी वकिलाचं घर, तिचा स्वयंपाक कशाला दाखवला, हाही आक्षेप आहे. त्याशिवाय हे कसं कळावं, की खलनायक नसतानाही साध्या, घरंदाज माणसांच्या हातून अन्याय चालू राहतो?

गाण्यावर आरोप होणं ही गोष्ट केवळ आपल्या शाहिरीची नाही. अमेरिकेत रॅपच्या ओळी गुन्ह्याचा पुरावा म्हणून कोर्टात वाचल्या जातात. त्याला आवर घालायला कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायदा केला. कवितेतला 'मी' म्हणजे कबुलीजबाब नव्हे, हे कायद्यात लिहिण्याची पाळी आली. आता पुन्हा तारखांकडे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. पण गरिबाला ती चढावीच लागते. सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. तिच्यासाठी एक तारीख म्हणजे न वळलेल्या विड्या, बुडालेली मजुरी. 'कोर्ट' संथ आहे की नाही, हे ठरवताना समीक्षकाने तिच्या घड्याळात वेळ पाहावी.